आक्कांचं नाक आणि माझं

गॅसला स्वतःचा वास नसतो. हे सांगितलं की अजूनही लोक माझ्याकडं संशयानं बघतात, कारण गॅसचा वास तर प्रत्येकाला ठाऊक असतो. तो मुद्दाम घातलेला असतो. कुजक्या कांद्याचा, नासक्या कोबीचा, ज्याला जसा वाटेल तसा. गॅस कुठं निसटलाच तर माणसानं नाक मुरडावं आणि वेळेत जागचं उठावं, एवढाच त्यामागचा हेतू. म्हणजे आमचा सगळा धंदा शेवटी माणसाच्या नाकावर उभा आहे. माझा तर जरा जास्तच होता.

छत्तीस वर्षं मी कोल्हापुरात गॅस फिटिंगचं काम केलं. हॉटेलं, मंगल कार्यालयं, वसतिगृहांचे भटारखाने, आणि शेवटची सात-आठ वर्षं बंगल्यांच्या अंगणातले पक्के बांधलेले बार्बेक्यू. एका खानावळीत मी दारातूनच ‘आतल्या शेगडीचा कॉक गळतोय’ म्हणालो आणि तो खरोखरच गळत होता. मालकानं ती गोष्ट गावभर केली. तेव्हापासून ‘दत्तूमामाचं नाक’ ही माझी पाटी झाली. मीही ती मिरवली. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला ते.

पण नाकानं फक्त शोधायचं, पक्कं करायचं ते साबणाच्या पाण्यानं, हा माझ्या गुरूंनी घालून दिलेला नियम. दाढीचा जुना ब्रश घ्यायचा, साबणाचा फेस करायचा आणि प्रत्येक सांध्यावर लावून डोळे लावून बसायचं. बुडबुडा फुगला की गळती. काडी ओढून बघणारे महाभाग मी पाहिलेत. एक हॉटेलवाले उदबत्ती फिरवून बघायचे आणि वर ‘देवाचं नाव घेऊन बघतो हो’ म्हणायचे. त्यांच्या हातातली उदबत्ती मी काढून घेतली त्या दिवशी त्यांना माझा राग आला होता. आजही भेटले की ते उदबत्तीवरूनच बोलायला सुरुवात करतात.

दुसरी एक गोष्ट लोकांच्या डोक्यात घालायला मला उभा जन्म लागला. आपला हा सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. धुरासारखा तो वर जात नाही, खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागा मिळाली की तिथं साचून राहतो. एका डॉक्टरांना सिलिंडर दिसायला नको होता, म्हणून त्यांनी अंगणात सुंदर फरशीचा खड्डा करून ठेवला होता. मी म्हणालो, ‘डॉक्टर, गॅस म्हणजे पाणी समजा. पाणी ज्या खड्ड्यात तुंबंल त्यात सिलिंडर ठेवू नका.’ त्यांनी खड्ड्यात कमळं लावली आणि सिलिंडर वर घेतला. असं शहाणं गिऱ्हाईक क्वचित मिळतं.

आता बार्बेक्यूचं. कोल्हापुरात हे खूळ आलं तेव्हा मला वाटलं होतं, चार श्रीमंतांची हौस, दोन वर्षांत गंज चढेल. पण ते टिकलं, आणि टिकण्याचं कारण परदेशी नव्हतं. आपल्याकडं कितीतरी घरांत मटण स्वयंपाकघरात शिजत नाही. घरातलं कुणीतरी माळकरी असतं, देवघर स्वयंपाकघराला लागून असतं. मग मटणाची भांडी वेगळी, पळी वेगळी, चूल परसात. रविवारी सगळं घर अंगणात. अशा घरांना अंगणातली देखणी, पक्की, झाकणाची शेगडी कुणीतरी आणून दाखवली, आणि ती त्यांना हवीच होती.

उचगावचे विलासराव त्यातलेच. वारणानगरला नोकरी केली, निवृत्त झाल्यावर उचगावात टुमदार घर बांधलं. घरात ते, सुनंदावहिनी आणि विलासरावांच्या आई. आईंना सगळे आक्का म्हणायचे. वय ऐंशीच्या पुढं, गळ्यात तुळशीची माळ. चाळीस वर्षांत कांदा-लसूण तोंडात घातलेला नाही. मटणाला त्यांची ना नव्हती, फक्त ते घराबाहेर आणि त्यांच्या नाकाबाहेर व्हावं. नाकाबाहेर होणं कठीण होतं, कारण आक्कांचं नाक म्हणजे अजब चीज होती. शेजारच्या घरात फोडणीला काय पडलं ते त्या ओसरीवरून सांगायच्या.

काम मी मन लावून केलं. विलासरावांना बार्बेक्यू फायबरच्या छताखाली हवा होता, मी तो उघड्यावर आणला, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब. विटांचा ओटा, वर ग्रॅनाइट, मध्ये बार्बेक्यू बसवलेला. त्याच्या खाली पोकळ कपाट राहतं. त्यात सिलिंडर ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. मी शेजारी वेगळा कप्पा करून त्यात तो उभा ठेवला. आणि दोन्ही कपाटांना अगदी तळाशी, समोरासमोरच्या बाजूंना, जाळी लावून भोकं ठेवली. कुठं काही निसटलंच, तर ते तळाला उतरेल आणि भोकातून बाहेर वाहून जाईल. गवंडी कुरकुरला, एवढ्या चांगल्या ओट्याला भोकं पाडायची म्हणजे पाप. विलासरावही म्हणाले, ‘मामा, उंदरांना दार करून द्यालाय व्हय?’ मी ऐकलं नाही. ही भोकं म्हणजे शेगडीची नाकं, ती कधी बुजवायची नाहीत, असं मी वहिनींकडून दोनदा वदवून घेतलं. झाकण उघडल्याशिवाय पेटवायचं नाही, एकदा पेटलं नाही तर सगळं बंद करून पाच मिनिटं थांबायचं, काम झालं की सिलिंडर बंद करायचा, हेही वदवून घेतलं. विलासराव त्या वेळी फोनवर होते.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगायची राहिली. मी कोल्हापूरचा असून मला ती सुचली नाही याची आजही लाज वाटते. बार्बेक्यू ही जाळीवर मांस भाजायची वस्तू आहे. कोल्हापुरी माणूस तिच्यावर चार रविवार भाजेल आणि पाचव्या रविवारी पांढऱ्या रश्श्याचं भलंमोठं पातेलं चढवेल. विलासरावांनी तसंच केलं. जाळ्या काढून ठेवल्या आणि सगळं तोंड झाकेल एवढं पातेलं तास-तास उकळत ठेवलं. मग वर जायची ती धग पातेल्याला आपटून खाली आणि पुढं फिरायला लागली, बटणांच्या मागं, जिथं गॅसची नळी येऊन मिळते तिथं. त्या सांध्याची सील हळूहळू भाजून निघाली. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेतही असं काही करू नका असं लिहिलेलं नव्हतं. ती लिहिणाऱ्यानं आमची पातेली पाहिलेली नसणार.

आता माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कोरोनात मला ताप आला, तेव्हा तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही गेली. चव परत आली, वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. एक वर्ष गेलं, दीड गेलं. दूध उतू जाऊन करपलं तरी मला कळायचं नाही. हे फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं. ती म्हणायची, लोकांना सांगून टाका. मी म्हणायचो, सांगितलं तर मला कोण बोलावेल? साबणाचं पाणी आहे की माझ्याकडं. आणि खरंच त्याच्या जोरावर मी काम रेटत होतो. रोज भीती मात्र वाटायची. वास नसलेल्या माणसानं गॅसच्या धंद्यात राहणं बरं नाही, हे दुसऱ्या कुणी मला सांगायची गरज नव्हती.

विलासरावांचा फोन आला तो पावसाळा संपता संपता. आक्का आठ दिवस म्हणत होत्या, शेगडीच्या खालनं सडक्या कांद्याचा वास येतो. घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हता, किंवा येत असला तरी जिथं रविवारी कांदा-लसूण-मसाला परतला जातो तिथं कांद्याचा वास येणार नाही तर कुठं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. एकदा येऊन त्यांच्या समाधानासाठी तेवढं बघून जा, एवढीच विनंती.

मी गेलो. घरात पाहुणेरावळे होते, सगळे भोवती जमले. आक्का तुळशीजवळच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. विलासराव मंडळींना माझ्याबद्दल कौतुकानं सांगत होते, यांचं नाक म्हणजे मशीन हाय. साबणाची बाटली आणि ब्रश स्कूटरच्या डिकीत होता. तो काढायला मी वळलोही. पण एवढ्या लोकांसमोर, मशीन म्हटल्यावर, ब्रश घेऊन बसायला मला कसंतरीच वाटलं. मी कपाट उघडलं, वाकलो, दोन-तीन वेळा जोरात श्वास ओढला, भोकांपाशीही नाक नेलं. मला अर्थातच काही आलं नाही. मी उठलो, हात झाडले आणि म्हणालो, ‘गॅस न्हाय. कांदा-मटणाचाच वास हाय.’

सगळे हसले. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं फक्त पाहिलं आणि जप सुरू केला. मी चहा पिऊन निघालो. त्या दिवशी मी खोटं बोललो, आणि एका म्हातारीला तिच्याच घरात खोटं पाडलं. घरी येताना वाटेतच मला ते डाचायला लागलं होतं. उद्या परत जाऊन साबण लावून येऊ, असं मी ठरवलं. उद्याला राधानगरीकडचं एका रिसॉर्टचं काम निघालं, मग आणखी एक, आणि दोन आठवडे निघून गेले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी विलासरावांनी फोनवर बोलून पाठवलेला निरोप आला होता. मी रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो, त्यामुळं घरी येऊन अकराच्या सुमारास ऐकला. विलासराव खुशीत होते. वारणानगरची जुनी मित्रमंडळी बायकापोरांसह जेवायला येणार होती, मामा तुम्हीपण या. आणि शेवटी, सहज, ‘आक्कांचा प्रश्न मी कायमचा मिटीवला बघा. त्या खालच्या भोकातनं वास येतोय म्हणत हुत्या न्हवं, भोकंच बुजवून टाकली. गॅस न्हाय म्हणून तुम्ही सांगितल्यावर काय काळजी?’

भोकातून वास येत होता म्हणजे आत गळत होतं आणि भोकं आपलं काम करत होती. त्यांनी ती माझ्या शब्दावर बंद केली. आता जे काही गळत होतं ते आत साठत होतं, आणि दुपारी कुणीतरी झाकण उघडून बटण दाबणार होतं. मी फोन लावला, उचलला नाही. वहिनींना लावला, उचलला नाही. पाहुण्यांच्या गडबडीत फोन कुठंतरी वाजत पडले असणार. बायकोला म्हणालो, तू लावत राहा, पेटवू नका एवढंच सांग. आणि स्कूटर काढली.

रंकाळा ते उचगाव ही वाट मी हजारदा गेलो असेन. त्या दिवशी ती संपेना. मी त्या वेळी काय काय बोललो देवाला, ते इथं लिहीत नाही.

फाटकातून आत शिरलो तर अंगणात पंधरा-वीस माणसं गप्प उभी. मध्ये बार्बेक्यू, आणि त्याच्या बरोबर समोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आक्का. हातात जपमाळ, पाय खुर्चीच्या पायाला घट्ट लावलेले. शेजारी विलासराव लाल चेहऱ्यानं, हातात मसाला लावलेल्या मटणाचं पातेलं घेतलेली एक बाई मागं. वहिनी रडकुंडीला आलेल्या. अर्धा तास आक्का तशाच बसल्या होत्या म्हणे. माझ्या अंगावरनं जाऊन पेटवा, म्हणत होत्या. पाहुण्यांना वाटत होतं, माळकरी म्हातारी मटणावरून अडून बसलीय. मला बघून विलासरावांना धीर आला.

‘मामा, बरं झालं आलासा. तुम्हीच सांगा आईला.’

आक्का माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘सांग बाबा. कांदा हाय म्हणून सांग परत. चुलीम्होरं जलम गेलाय माझा. कांदा सडल्याला येगळा, नि ह्यो येगळा. ह्यो गॅस हाय. मी उठत न्हाय.’

मी आधी सिलिंडरच्या कप्प्याकडं गेलो. समोर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या, त्या सरकवून दार उघडलं. सिलिंडर चालूच होता, कितीतरी दिवस चालूच असणार. तो बंद केला. सगळ्यांना फाटकापर्यंत मागं जायला सांगितलं, कुणी काडी, लायटर, बटण, कशालाही हात लावायचा नाही. मग आक्कांच्या पुढ्यात जाऊन बसलो. आता बोलणं भाग होतं, आणि हळू आवाजात बोलून भागणार नव्हतं, कारण त्यांना सगळ्यांच्या देखत खोटं पाडलं होतं.

‘आक्का, तुमचं खरं हाय. मला दीड वर्ष झालं, कसलाबी वास येत न्हाय. त्या दिवशी मी खोटं बोललो.’

आक्कांनी हात पुढं केला, मी तो धरला, आणि त्या उठल्या. जाता जाता सुनेला म्हणाल्या, मटण शेजारच्यांच्या परसात न्या, त्यांची चूल मोठी हाय. पाहुणं उपाशी जायला नकोत.

पुढचं काम शांतपणे केलं. बार्बेक्यूचं झाकण तेवढं उघडं टाकलं. कपाटाची दारं उघडली, पण उंबरा चार बोटं वर असल्यामुळं खाली साचलेलं तसं निघणार नव्हतं. भोकांत पोत्याचे तुकडे कोंबून वर पुट्टी लावली होती. छिन्नी-हातोडा वापरला तर ठिणगी उडायची भीती, म्हणून ती मी बोटांनी आणि लाकडाच्या काटकीनं उकरून काढली. मग तासभर नुसतं वाऱ्यावर सोडलं. तासानंतर आक्कांना बोलावलं. त्या आल्या, वाकल्या, म्हणाल्या, आता न्हाय. मग कुठं मी क्षणभर सिलिंडर उघडून ब्रश फिरवला. बटणांच्या मागच्या सांध्यावर फेस लावताच बुडबुडे असे फुगले की विलासरावांनाही ते लांबून दिसले. सिलिंडर लगेच बंद करून मी तो सोडवून उघड्यावर नेऊन ठेवला.

‘ह्ये जर पेटीवलं असतं तर?’ त्यांनी विचारलं. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं, आणि फाटकाशी उभी असलेली लहान पोरं आम्हा दोघांनाही दिसत होती.

सील बदलून, भोकांना नवी जाळी लावून, बार्बेक्यूवर पातेलं चढवायचं नाही हे ग्रॅनाइटवरच रंगानं लिहून मी ते काम पुरं केलं. त्याच आठवड्यात माझ्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, की माझं नाक गेलंय, दीड वर्षात जिथं जिथं काम केलंय तिथं मी परत येऊन साबण लावून बघणार आहे. वाटलं होतं, शिव्या बसतील. दोघांनी दिल्या. उदबत्तीवाले हॉटेलमालक म्हणाले, ‘या की मामा, नाक न्हाय तर न्हाय, ब्रश हाय न्हवं?’ तपासणी पुरी झाल्यावर मी धंदा बंद केला. दुसऱ्या कुठं गळती सापडली नाही, हे माझं नशीब. ते कौशल्य होतं असं मी कधीही म्हणणार नाही.

एक शिकलो, ते तरुण फिटरांसाठी लिहून ठेवतो. घरात शिरलात की मालकाला विचारा, पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. ती जे सांगेल ते सोवळ्यापायी सांगते की वयापायी, याचा विचार नंतर करा. आधी ब्रश काढा.

उचगावला मी अजून जातो, महिन्यातून एकदा, भोकांच्या जाळ्या साफ आहेत का बघायला. आक्कांनी त्या दिवसाबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. मात्र दर वेळी मी निघालो की त्या तुळशीची दोन पानं खुडतात, बोटांत चुरडतात आणि माझ्या नाकासमोर धरतात.

‘आला का?’

मी जोरात श्वास ओढतो. मागच्या महिन्यात क्षणभर वाटलं, काहीतरी आलं. आलं म्हणून सांगितलं असतं तर त्या केवढ्या खूश झाल्या असत्या. पण त्या अंगणात मी एकदा नाकाचं खोटं बोललोय.

‘न्हाय आक्का.’

‘ऱ्हाऊ दे,’ त्या म्हणाल्या आणि ती पानं माझ्या खिशात घातली. ‘लई झ्याक वास हाय. मी सांगतो न्हवं.’